रिकाम्या धनुष्याचा टणत्कार

छत्तीस वर्षें शाळेंत संस्कृत आणि गणित हे दोन विषय शिकवून जो मनुष्य निवृत्त झाला, त्याच्या हातून आपल्याच नातीचें धनुष्य मोडावें, आणि तेंही बाण न लावतां, ही गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नाहीं. तरी ती सांगावयाची असें मीं ठरविलें आहे. कारण त्या एका क्षणाच्या अविचारामुळें माझे पुढले तीन महिने जसे गेले, तसे निवृत्तीनंतरचे दुसरे कोणतेच गेले नाहींत.

आमचें घर साताऱ्यास. दोन चिरंजीव, दोन सुना, पांच नातवंडें आणि आम्ही उभयतां असा एकत्र संसार. सातारच्या अदिति स्वामी हिनें २०२३ सालच्या ऑगस्ट महिन्यांत बर्लिन येथें, वयाच्या सतराव्या वर्षीं, धनुर्विद्येंतील जागतिक अजिंक्यपद मिळविलें. त्यानंतर आमच्या धाकट्या नातीनेंही हट्ट धरला, आणि धाकट्या चिरंजिवांनीं आपली जुनी दुचाकी आणखी दोन वर्षें चालवावयाची असें ठरवून तिला धनुष्य घेऊन दिलें. टोकें पुढें वळलेलें, मधली मूठ धातूची आणि वरखालचे दोन बाहू काचतंतूंचे व लांकडाचे, असें तें होतें. या बाहूंस मैदानावरचीं मुलें इंग्रजी शब्दानें ‘लिंब’ म्हणतात. प्रथम ऐकलें तेव्हां मला कडुलिंबच आठवला.

एके संध्याकाळीं ओटीवर लहान नातवंडांस मी भारतांतील युद्धाची कथा सांगत होतों. वीर बाण सोडण्यापूर्वीं नुसत्या दोरीचा टणत्कार करीत आणि त्या नादानें शत्रूचें काळीज हाले, असें सांगतांच एकानें विचारलें, “आजोबा, तो आवाज कसा असतो?” धनुष्य दोरी चढवून शेजारींच ठेवलेलें होतें. मी उठलों, तें उचललें, हनुवटीपर्यंत दोरी ओढली आणि सोडून दिली.

टणत्कार झाला नाहीं. काडकन् आवाज झाला, आणि वरचा बाहू वीतभर उभा चिरला. नात आंतून धांवत आली. तिनें धनुष्य हातांत घेतलें, चिरेवरून बोट फिरविलें आणि म्हणाली, “आजोबा, बाण लावल्याशिवाय सोडायचें नसतें.” आवाज चढवून नव्हे, लहान मुलास समजावून सांगावें तसें. जिल्ह्याची निवडचांचणी तीन आठवड्यांवर आली होती. आमच्या सौभाग्यवती मात्र स्पष्ट बोलल्या: “तुमचें महाभारत पोरीच्या मुळावर आलें.” चिरंजिवांस मीं माझ्या पेन्शनीतून किंमत देऊं केली. ते “राहूं द्या, आप्पा” एवढेंच म्हणाले, आणि तें मला सौभाग्यवतींच्या बोलण्याहून अधिक लागलें. नवे बाहू मागविले. ते येण्यास पंधरा दिवस लागले. तोंवर मैदानावरचें एक जुनें धनुष्य आळीपाळीनें मिळे. चांचणींत तिची निवड झाली नाहीं. गुण किती कमी पडले तें तिनें सांगितलें नाहीं, आणि मीं विचारलेंही नाहीं.

परंतु एक प्रश्न मला झोपूं देईना. हीच दोरी ही मुलगी रोज शंभर वेळां ओढून सोडते, तेव्हां धनुष्यास कांहीं होत नाहीं. मीं एकदां सोडली तर तें फुटावें, असें काय झालें? फरक केवळ बाणाचा, आणि तो बाण तर वीस ग्रॅमचा! चार सुपाऱ्यांएवढ्या वजनाच्या त्या काडीनें धनुष्याचें रक्षण कसें होतें?

मी पडलों जुन्या काळचा मॅट्रिक. पदार्थविज्ञान शाळेपुरतें वाचलेलें. पण गणिताची भीति नव्हती, आणि मोठ्या नातवानें, जो पुण्यास अभियांत्रिकी शिकतो, कांहीं लेख छापून आणून दिले. त्यांवरून असें कळलें कीं धनुष्यासारख्या पुरातन वस्तूचें गणित माणसानें पद्धतशीरपणें मांडलें तें विसाव्या शतकांत, बंदुकीनें त्याचें युद्धांतील काम संपवून कित्येक पिढ्या लोटल्यावर! अमेरिकेंत क्लॅरेन्स हिकमन आणि पॉल क्लॉप्स्टेग हे दोन पदार्थवैज्ञानिक १९३० च्या सुमारास या नादीं लागले. हिकमन हे तरुणपणीं रॉकेटचे जनक गॉडर्ड यांच्या हाताखालीं काम करीत, आणि तेथल्या एका स्फोटांत त्यांचीं कांहीं बोटें गेलीं होतीं. अशा माणसानें पुढें धनुष्याच्या दोरीवर आयुष्यांतलीं इतकीं वर्षें घालवावीं, हें मला विशेष वाटलें. १९३७ सालीं त्यांनीं धनुष्यबाणाच्या गतिशास्त्रावर निबंध प्रसिद्ध केला. क्लॉप्स्टेग यांनीं तुर्की धनुष्यावर १९३४ सालीं एक ग्रंथ लिहिला. उत्तम धनुष्य तें, जें थोड्या श्रमांत अधिक शक्ति सांठवितें आणि सांठविलेल्यापैकीं अधिकांत अधिक बाणास देतें, या एका वाक्यांत त्यांच्या कामाचें सार आलें.

सांठविणें आणि देणें हे दोन निराळे व्यवहार आहेत, हेंच मला आधीं ठाऊक नव्हतें. मी समजत होतों कीं जितकें ओढण्यास कठीण, तितकें धनुष्य चांगलें.

सांठविण्याचें गणित चौकटीच्या कागदावर कळतें. दोरी किती ओढली तें आडव्या रेषेवर, आणि त्या ठिकाणीं किती जोर लागला तें उभ्या रेषेवर मांडावें. वक्राखालीं जेवढें क्षेत्रफळ, तेवढी शक्ति धनुष्यांत सांठली. साध्या धनुष्याचा वक्र बहुतेक सरळ चढणीचा, म्हणजे आकृति त्रिकोणाची. समजा, दोरी ४७ सेंटिमीटर ओढली आणि शेवटीं १० किलोचा जोर लागला, तर सुमारें २३ ज्यूल शक्ति सांठली. तोच १० किलोचा जोर जर आरंभापासून शेवटपर्यंत सारखा लागला असता, तर त्रिकोणाचा आयत होऊन शक्ति दुप्पट भरली असती. हाताला शेवटीं लागणारा जोर तोच, पण पदरीं पडणारें माप दुप्पट! धनुष्यें घडविणाऱ्यांची धडपड या त्रिकोणास पोट आणून त्यास आयताकडे नेण्याची आहे. टोकें पुढें वळविलीं म्हणजे आरंभींच जोर अधिक लागतो, आणि शेवटीं दोरी टोकांवरून सुटत गेल्यानें टोकांस अधिक तरफ मिळून चढण सौम्य होते. याच विचाराची परिसीमा अमेरिकेंतील मिसूरी प्रांताचे हॉलिस ॲलन यांनीं गांठली. त्यांनीं टोकांस विकेंद्री चाकें बसविलीं. १९६६ सालीं त्यांनीं त्याचें पेटंट मागितलें, तें १९६९ सालीं मिळालें. त्या धनुष्याचा जोर मध्यें भरपूर असतो आणि पूर्ण ओढल्यावर हातावर त्याचा चौथा-पांचवा हिस्साच राहतो. अदिति स्वामी हिचें अजिंक्यपद याच जातीच्या धनुष्यावरचें आहे.

आतां देण्याचें गणित. आणि येथेंच माझ्या अपराधाचें उत्तर होतें. दोरी सुटली म्हणजे केवळ बाण पळत नाहीं. दोरीही पळते, बाहूही पळतात. त्यांना हालविण्यांत जी शक्ति गेली ती बाणास मिळत नाहीं. क्लॉप्स्टेग यांनीं त्याचा हिशेब फार सुटसुटीत केला. बाणाला जणूं एक अदृश्य ओझें चिकटलेलें आहे आणि तें बाणाच्याच वेगानें धांवतें, असें समजावें. या ओझ्याला ‘आभासी वस्तुमान’ म्हणतात. बाण हलका असो वा जड, एका धनुष्याचें हें ओझें जवळजवळ कायम राहतें. बाण २० ग्रॅमचा व ओझें १० ग्रॅमचें असेल, तर तिसांतले वीस भाग, म्हणजे दोन तृतीयांश शक्ति, बाणाला. बाण १० ग्रॅमचा केला तर निम्मीच. म्हणून अर्ध्या वजनाच्या बाणास दुप्पट वेग मिळेल असें समजणारा फसतो. वरील हिशेबानें वेग चौथाईनेंही वाढत नाहीं. आणि बाण मुळींच नसेल तर? तर सगळीच्या सगळी शक्ति दोरीच्या आणि बाहूंच्याच वांट्यास येते, आणि दोरी ताठ होतांच ती जाणार कोठें? ती बाहूंतच फिरते आणि बाहू फोडते. तो वीस ग्रॅमचा बाण म्हणजे शक्तीला घरांतून बाहेर जाण्याची वाट. मीं ती वाट बंद करून घरास आग लावली होती.

यांतून आणखी एक गोष्ट निघाली, ती व्यासमहर्षींची क्षमा मागून लिहितों. बाण सुटल्यावर जो नाद होतो तो बाणास न मिळालेल्या शक्तीचाच एक अंश. तेव्हां जें धनुष्य अधिक गर्जतें, तें बाणाच्या हिशेबांत अधिक उधळें.

संस्कृताच्या मास्तराला यापुढें जी लाज वाटली ती निराळीच. शाळेंत मीं वर्षानुवर्षें ‘शार्ङ्गपाणि’ शब्दाचा समास सोडविला: शार्ङ्ग ज्याच्या हातीं आहे तो विष्णु. शार्ङ्ग म्हणजे विष्णूचें धनुष्य, पुढें चला! शृंग म्हणजे शिंग आणि शिंगाचें तें शार्ङ्ग, हें व्याकरण मला पाठ होतें. पण धनुष्यास शिंग कशाला, हा प्रश्न मीं कधीं केला नाहीं, आणि वर्गांत कोणी करूं दिलाही नसता. कौटिल्यानें आयुधागाराध्यक्षाच्या प्रकरणांत धनुष्यांचीं द्रव्यें सांगितलीं आहेत: ताड, वेळू, लांकूड आणि शिंग. दोरीसाठीं मूर्वा, रुई, ताग, स्नायु इत्यादि. वांकलेल्या पट्टीची बाहेरची बाजू ताणली जाते, आंतली दाबली जाते, आणि मध्यें एक थर असा असतो कीं ज्यास ताणही नाहीं, दाबही नाहीं. शिंग दाब उत्तम सोसतें; जनावराचा स्नायु ताण उत्तम सोसतो. म्हणून धनुर्धराकडच्या बाजूस शिंग, पलीकडच्या बाजूस सरसानें बसविलेला स्नायु, आणि मध्यें, जेथें काम थोडें तेथें, लांकडाची पातळ पट्टी, असें संयुक्त धनुष्य मध्य आशियांत, तुर्कस्तानांत व हिंदुस्थानांतही करीत. इंग्रजांनीं हेंच एकाच झाडांतून साधलें. त्यांच्या ‘यू’ वृक्षाचा बाहेरचा पांढरा भाग ताण सोसणारा व आंतला तांबूस गाभा दाब सोसणारा असतो. दोन्ही एकाच पट्टींत येतील असें लांकूड ते कापीत. १५४५ सालीं बुडालेलें त्यांचें ‘मेरी रोझ’ हें लढाऊ जहाज १९८२ सालीं वर काढलें. त्यावरचीं शंभराहून अधिक धनुष्यें मिळालीं, तीं अशींच आहेत.

मात्र इंग्रजी धनुष्याच्या आकारांत एक दोष हिकमन यांनीं दाखविला. त्याची पाठ चपटी व पोट गोल, त्यामुळें पोटाच्या कडेची एक अरुंद रेघ सगळ्यांत अधिक दाबली जाते आणि बाकीचें लांकूड नुसतें ओझें म्हणून हिंडतें. चपटा, चौकोनी छेद असला तर पृष्ठभागाचा प्रत्येक कण सारखें काम करतो. शिवाय बाहूची जाडी सारखी ठेवून रुंदी टोंकाकडे त्रिकोणासारखी निमुळती केली, तर मुळापासून शेंड्यापर्यंत कोठेंच ताण कमीजास्त पडत नाहीं, आणि शेंडा हलका होतो. शेंड्याचा हलकेपणा मोलाचा, कारण बाहूंत सर्वांत वेगानें पळतो तो शेंडाच, आणि शक्ति वेगाच्या वर्गानें खर्च होते.

हें सर्व वाचून झालें तेव्हां मनांत आलें कीं आपणच एक धनुष्य करावें. नातीस बोललों. ती म्हणाली, “करूं या, पण ओढणार मी.” अट रास्त होती.

वेळू आणण्यास बुरूडआळींत गेलों. तेथले वृद्ध कारागीर माझ्याहून चार वर्षांनीं मोठे. त्यांनीं एक जुना, वाळलेला कळक फाडून चिरा दिल्या. घरीं येऊन मीं पहिली चीर रंध्यानें गुळगुळीत केली, हिरवट-पिवळी साल पार काढून टाकली, आणि दोरी चढवितांच ती मधोमध तुटली. तुकडे घेऊन पुन्हां गेलों. ते हंसले. “गुरुजी, वेळूचा जीव सालींत असतो. तुम्ही सालच सोलली. तासायचें तें पोटाकडून.” पुढें वाचलें तें अक्षरशः तसेंच: वेळूचे बळकट तंतु बाहेरच्या बाजूस दाट आणि आंत विरळ असतात, ताण घेण्यास तीच बाजू पलीकडे ठेवावी लागते. छापील कागदांच्या आधीं त्या गृहस्थांस विचारलें असतें, तर एक कळक वांचला असता.

दुसरें धनुष्य टिकलें. त्याची दोरी मध्यावर आडव्या खुंटीस अडकवून आम्ही खालीं वजनें टांगीत गेलों, आणि नातीनें कागदावर चौकटी मोजल्या. ४७ सेंटिमीटर, १० किलो, २३ ज्यूल. मग वेग मोजावयाचा. मोठ्या नातवाच्या भ्रमणध्वनींत सेकंदास २४० चित्रें घेण्याची सोय आहे. मैदानावर, पेंढ्याच्या लक्ष्यासमोर, सात मीटर अंतर आंखून बाण तें अंतर किती चित्रांत कापतो तें मोजलें. २० ग्रॅमच्या बाणास ४८ चित्रें, ३० ग्रॅमच्या बाणास ५४. एका चित्राची चूक झाली तरी उत्तर बरेंच हलतें, म्हणून प्रत्येक बाण दहा दहा वेळां सोडून सरासरी घेतली. यांतील गंमत अशी कीं आभासी ओझें काढण्यास अंतरही लागत नाहीं कीं धनुष्याचा जोरही लागत नाहीं. चोपन्नास अठ्ठेचाळिसानें भागून वर्ग केला कीं दोन ओझ्यांचें गुणोत्तर येतें. पुढचें समीकरण नववींतल्या मुलाचें. नातीनें तें ओटीवर बसून सोडविलें: ओझें सुमारें १८ ग्रॅम. म्हणजे तिनें घातलेल्या शक्तीपैकीं शेंकडा ५३ च बाणाला. “आजोबा, निम्मे कष्ट फुकट!” ती म्हणाली. चांचणीनंतर ती माझ्याशीं इतक्या मोकळेपणें प्रथमच बोलली असावी.

मग सुधारणा. जाडी तासतांना फार जपावें लागतें. रुंदी दहांत एक भाग कमी केली तर बाहूची ताठरता दहांत एक भागच कमी होते. पण जाडी तितकीच कमी केली तर ताठरता शेंकडा २७ नें उतरते, कारण तेथें घनाचा हिशेब आहे. म्हणून आम्ही जाडीस हात न लावतां शेंड्याकडे रुंदीच उतरवीत गेलों. दोरीही बदलली. दोरीचा मध्य बाणाच्या वेगानें पळतो व टोकें जवळजवळ स्थिर असतात, त्यामुळें तिच्या वजनाचा एक तृतीयांशच ओझ्यांत धरावा लागतो. जाड सुती दोरी १२ ग्रॅमची होती, ती टाकून ६ ग्रॅमची घेतली. दोन ग्रॅम तेथेंच वांचले. चार दिवस तासणें, मोजणें, पुन्हां तासणें असें चाललें. ओटीवर वेळूचा भुसा पसरे, आणि सूनबाई तो न बोलतां झाडीत.

शेवटीं धनुष्याचा जोर उतरून ९ किलोवर आला. मी खट्टू झालों. सांठणही कमी झाली, २१ ज्यूलांच्या आंतच. पण मैदानावर चित्रें मोजलीं तों ४८ ऐवजीं ४५! हाताला एक किलो हलकें झालेलें धनुष्य बाण अधिक वेगानें फेंकीत होतें. पस्तीस मीटरांच्या ठिकाणीं सेकंदास सदतीस. ओझें १८ वरून १० ग्रॅमवर आलें होतें, आणि बाणाचा वांटा ५३ वरून ६७ वर. नातीनें दोन वेळां मोजलें, मीं तीन वेळां.

एक गोष्ट येथें लिहून ठेवतों, कारण ती मला शिकवितांना सुचावयास हवी होती. आमच्या पूर्वजांनीं त्रिकोणमितीचे शब्द धनुष्यावरून घेतले: वर्तुळाचा तुकडा तो चाप, त्याची दोरी ती ज्या किंवा जीवा, मध्यें उभा तो शर, आणि धनुष्याचें टोक ती कोटि. आर्यभटानें ४९९ सालीं ज्यांचीं कोष्टकें दिलीं. ‘जीवा’ शब्द अरबांकडे गेला, त्यांच्या लिपींत त्याचें ‘खिसा’ अशा अर्थाच्या शब्दासारखें रूप झालें, त्याचें लॅटिन भाषांतर ‘सायनस’, आणि तोच आजचा ‘साइन’. मीं हें मुलांस कौतुकानें सांगत असें. पण धनुष्य खरोखर कसें काम करतें तें याच चित्रांत आहे. दोरी सरळ होण्याच्या बेतास आली कीं ज्येचा मध्य अजून वेगानें धांवत असतो, पण कोटींस पुढें सरकण्यास जागाच उरत नाहीं. त्या मंदावतात, आणि त्यांच्यांतली शक्ति दोरींतून बाणांत उतरते. केवळ भूमितीच्या बळावर धनुष्य आपल्या शक्तीचा मोठा भाग बाणास देऊन मंदावतें. फळ्यावर ही आकृति मीं हजारों वेळां काढली. पण ती हालतांना कधीं पाहिली नाहीं.

त्या रात्रीं जेवतांना चिरंजिवांनीं विचारलें, “आप्पा, तुमच्या धनुष्याचा वेग किती आला?” मीं आंकडा सांगितला. त्यांनीं वाटी पुढें केली आणि म्हणाले, “उद्यां मलाही दाखवा.”

नातीचे नवे बाहू आतां बसले आहेत, आणि पुढल्या चांचणीसाठीं ती पहांटे साडेपांचास मैदानावर असते. मीही बरोबर जातों. बाण गोळा करण्याचें काम माझें. वेळूचें धनुष्य ओटीवर खुंटीला आहे. लहान नातवंडें तें मागतात तेव्हां नात तें काढून देते. पण आधीं मला हांक मारते, आणि माझ्या हातीं देतांना दोरीवर स्वतः बाण चढवून देते.